रक्त लागायचं नाही

सोमवार, ३ फेब्रुवारी २०२५

आजपासून रोजचं लिहून ठेवायचं ठरवलं आहे. उद्या काही कमीजास्त झालं तर कोण कधी काय म्हणालं, हे आपल्याजवळ असलेलं बरं. डॉक्टर मंडळी बोललेलं नाकबूल करतात, असा माझा अनुभव आहे.

शनिवारी इरम्मा दुकानात चक्कर येऊन पडली. लोहाऱ्यात आमचं भांड्यांचं दुकान आहे. ती वरच्या फळीवरून कळशी काढत होती, ती कळशीसकट खाली आली. कळशीला पोचा आला, तिला खरचटलंही नाही. पण चेहरा पार पांढरा पडला होता. गावातल्या डॉक्टरांनी धाराशिवला पाठवलं. आज तिथल्या डॉ. तरन्नुम बाईंनी सोनोग्राफी केली. गर्भाशयात गाठी आहेत, गर्भाशय काढावं लागेल म्हणाल्या. शिवाय अंगात रक्त जेमतेम सात. बारा तरी पाहिजे.

मी लगेच फोन काढला. रक्ताची व्यवस्था म्हणजे माझं घरचं कार्य. तालुक्यात कुणाचं बाळंतपण अडलं, कुणाचा अपघात झाला, की पहिला फोन कल्याणप्पाला येतो. रक्तदात्यांचा ग्रुप माझा, दरवर्षीचं शिबीर माझं, आणि कुणाच्या अंगात कोणत्या गटाचं रक्त आहे हे मला तोंडपाठ. बाईंना म्हणालो, "गट सांगा, संध्याकाळपर्यंत चार बाटल्या उभ्या करतो."

गट बी निगेटिव्ह निघाला. हे मला नवीनच होतं. घरच्या माणसाचा गट कोण विचारत बसतं?

बाई म्हणाल्या, "काका, आत्ता रक्त नको. पाच-सहा आठवडे थांबू. आधी त्यांचा रक्तस्राव थांबवू, त्यांचं स्वतःचं रक्त वाढवू, मग ऑपरेशन."

"कसला रक्तस्राव?" मी विचारलं.

इरम्मा खाली मान घालून बसली. बाईंनी माझ्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं आणि मला बाहेर बसायला सांगितलं. नवऱ्याला! अर्धा तास दार बंद. येताना एसटीत मी विचारलं तर इरम्मा म्हणते, "काय न्हाय. बायकांचं असतंय."

मी इतकी वर्षं बघतोय, डॉक्टर आधी रक्त मागतो, मग हातात चाकू घेतो. न मागणारा डॉक्टर पहिल्यांदाच भेटला. पाणी कुठंतरी मुरतंय.

बुधवार, ५ फेब्रुवारी

तालुक्यात बी निगेटिव्ह माझ्या माहितीत तिघंच. त्यातला महेबूब सगळ्यांत भरवशाचा. लोहारा ते उमरगा काळीपिवळी जीप चालवतो, पण मी हाक मारली की जीप रिकामी असो की भरलेली, येतो. त्याला सांगितलं तर हसायलाच लागला. "आप्पा, अख्ख्या तालुक्याचं रगत तुमच्या खिशात, अन् घरातलं ठावं न्हाय? काखेत कळसा अन् गावाला वळसा!"

मी हसलो नाही. पण रक्त देतो म्हणाला, तेवढं बरं झालं.

मुलगी बिदरला आहे, तिचं बाळ दीड महिन्याचं. इरम्मा म्हणाली, तिला एवढ्यात कळवू नका. हेही मला खटकलं. साधं दुखणं असेल तर लपवायचं कशाला? मला वाटतं, त्या अर्ध्या तासात बाईंनी तिला मोठा आजार सांगितला आहे आणि दोघींनी मिळून माझ्यापासून दडवला आहे.

सोमवार, १० फेब्रुवारी

आज पहिलं सलाईन. नेहमीसारखं पांढरं नाही, कोऱ्या चहासारखं काळपट. सिस्टर म्हणाली, यात लोह आहे, याचंच शरीर रक्त बनवतं. मी तासभर त्या नळीकडे नजर लावून बसलो होतो.

तपासणीला रक्त घेतलं ते पाहून तर मी उठूनच उभा राहिलो. बोटाच्या पेराएवढी नळी! लहान मुलांसाठी वापरतात तसली. म्हणालो, "सिस्टर, मोठ्या माणसाला पोराची नळी?" तर म्हणे, "मॅडमची सक्त ताकीद आहे. ज्यांचं आधीच कमी आहे त्यांचं तपासायला म्हणून उगाच काढायचं नाही."

ऐकायला छान. पण भांडं वाजवून घ्यायची माझी सवय. एवढ्याशा रक्तात काय तपासणार आणि काय कळणार?

बाई आल्या तेव्हा स्पष्टच विचारलं, "दोन बाटल्या चढवल्या तर आठवड्यात काम उरकेल. मग हे सगळं कशासाठी?"

त्या म्हणाल्या, "काका, परकं रक्त म्हणजे औषधच आहे. जीव वाचवायला लागलं तर मी एक मिनिट थांबणार नाही. पण त्याचेही त्रास असतात. ताप येतो, कधी पुरळ उठतं, क्वचित त्याहून वाईट. मावशींना तातडी नाही. त्यांच्या शरीराला वेळ दिला तर ते स्वतःच बनवेल."

परकं. महेबूबचं रक्त परकं, माझ्या ग्रुपचं रक्त परकं! मी ज्यासाठी ऊन-पाऊस बघितला नाही, त्याला या बाईंनी एका शब्दात परकं केलं. मला फार लागलं ते. 

बुधवार, १२ फेब्रुवारी

आज एक विचित्र गोष्ट सापडली. शेंगदाण्याचा डबा काढायला गेलो तर त्याच्यामागं एक पुडा, पुड्यात पाटीवरच्या पेन्सिली. निम्म्या अर्धवट कुरतडलेल्या. घरात शाळेत जाणारं कुणी नाही. इरम्माला विचारलं तर तिनं पुडा हातातून घेतला आणि म्हणाली, "आसू द्या."

करणीबिरणीवर माझा विश्वास नाही. तरी पुडा कुठं ठेवते यावर लक्ष ठेवणार आहे.

सोमवार, १७ फेब्रुवारी

दुसरं सलाईन झालं. सोबत गोळ्याही आहेत, रक्तस्राव थांबायच्या वेगळ्या आणि लोहाच्या वेगळ्या. लोहाच्या गोळीनंतर दोन तास चहा नाही, हा नवा नियम. आजवर सकाळी उठल्याबरोबर माझ्यासोबत चहा घेणारी बाई आता लिंबूपाणी घेऊन एकटी ओट्याजवळ उभी राहते. मला एकट्याला चहा गोड लागत नाही.

पेन्सिलींचं मी बाईंना सांगितलं. चहाडी म्हणून नाही, माहिती म्हणून. त्यांना जराही नवल वाटलं नाही. म्हणाल्या, "रक्त फार कमी झालं की असं होतं. कुणी माती खातं, कुणी कच्चे तांदूळ, कुणी पेन्सिली. किती वर्षं खाताय मावशी?"

इरम्मा हळूच म्हणाली, "लेकीच्या लग्नाच्या आदीपासनं."

मुलीच्या लग्नाला सहा वर्षं झाली. सहा वर्षं माझ्या घरात पेन्सिली खाल्ल्या गेल्या आणि मला वासही लागला नाही? मला वाटतं, ती विसरते आहे. नाहीतर दोघींनी आधी ठरवून घेतलेलं असणार. बाईंनी लगेच ते लिहूनही घेतलं, जणू उत्तर माहीतच होतं.

बुधवार, २६ फेब्रुवारी

महाशिवरात्र. लग्न झाल्यापासून इरम्मानं हा उपास कधी मोडलेला नाही. सोमवारही ती कडक धरायची, दिवसभर नुसता चहा आणि चिमूटभर साबुदाणा. आज सकाळी न्हाऊन, लिंगपूजा करून, विभूती लावून आली आणि चक्क भाकरी घेऊन बसली! सोबत शेपूची भाजी, शेंगदाण्याची चटणी.

म्हणालो, "हे कुणी शिकवलं? त्या बाईंनी?"

म्हणाली, "देवाला इच्यारलं म्या. व्हय म्हनला."

देव कधी बोलला हे मी विचारलं नाही. सणाच्या दिवशी वाद नको. पण एकापाठोपाठ एक घरातल्या सगळ्या रीती त्या दवाखान्याच्या ताब्यात चालल्या आहेत. आणखी एक: ती पहाटे अंधारात उठून मोरीत धुणं धुवायची, ते गेल्या काही दिवसांत बंद झालं आहे. आळस आला म्हणावं, तर दुकानात दुपारभर उभी असते. काय समजायचं?

शनिवार, ८ मार्च

रिपोर्टमध्ये रक्त दहा आलं. महिन्याभरात सातचं दहा, तेही एक थेंब बाहेरचा न घेता! असं कुठं असतं? मी कागद उजेडात धरून पाहिला.

उमरग्याला भाच्याकडे जाऊन येऊ म्हणून तिला बाहेर काढलं आणि महेबूबच्या जीपनं वाटेत ओळखीच्या लॅबमध्ये नेलं. तिला राग आला, पण तिनं हात पुढं केला. इथं मोठी नळी होती. रिपोर्ट आला, नऊ पूर्णांक नऊ.

म्हणजे दोन्ही लॅबवाल्यांचं संगनमत आहे. परतताना महेबूबला हे म्हणालो तर तो जीप थांबवून म्हणाला, "आप्पा, वहिनी मगाशी लॅबचा जिना चढून गेल्या. दम न्हाय लागला. तुमी बगितलं का?"

मी बघितलं नव्हतं. मी पाकीट काढत होतो.

गुरुवार, १३ मार्च

दवाखान्यातून आल्या आल्या लिहितो आहे.

आज ऑपरेशनच्या आधीची तपासणी होती. मंगळवारची तारीख मिळाली आहे. इरम्मा आत होती, मी दाराबाहेर. सिस्टर फोनवर कुणाला तरी सांगत होती. मी माझ्या कानांनी ऐकलं, "इरम्मा कल्याणप्पा ना? त्यांना रक्त लागायचं न्हाय आता."

लागायचं नाही!

माझे वडील शेवटचे आजारी होते तेव्हा वैद्यांनी उंबऱ्यातच चुलत्यांना हेच सांगितलं होतं, "आता औषध लागायचं न्हाय." तिसऱ्या दिवशी वडील गेले. आमच्याकडे या शब्दाचा दुसरा अर्थ नाही. औषध लागलं म्हणजे गुण आला. लागायचं नाही म्हणजे संपलं.

आता सगळं जुळलं. म्हणूनच पहिल्या दिवसापासून या बाई रक्त नको म्हणतात. दिलं तरी लागणार नाही, हे त्यांना माहीत होतं. म्हणून तो अर्धा तास बंद दार. म्हणून ते पोराच्या नळीतलं रक्त. आणि आता त्या तिला टेबलावर घेणार, हातून गेली तर म्हणणार, आम्ही प्रयत्न केले.

इरम्मा बाहेर आली ती हसत. "अकरा झालं," म्हणाली. बिचारीला काही माहीत नाही.

शुक्रवार, १४ मार्च

धूलिवंदन. दुकान बंद. सोलापूरच्या एका सर्जनना सकाळीच फोन केला. त्यांनी हकीकत ऐकायच्या आधीच चार बाटल्या तयार ठेवा म्हणून सांगितलं. ऐकून जिवाला केवढं बरं वाटलं.

इरम्माला म्हणालो, "मंगळवारचं रद्द. सोलापूरला जायचं."

"का?"

खरं कारण तिला कसं सांगणार? म्हणालो, "इथं धड रक्त द्यायची पण दानत नाही."

ती पोळ्या लाटत होती. लाटणं बाजूला ठेवलं आणि म्हणाली, "मला नको कुनाचं रगत. तुमच्या शिबिरात म्या एकदा द्यायला बसले हुते, याद हाय का? बोटातला थेंब त्या निळ्या पान्यात टाकला. बुडलाच न्हाय, वर तरंगला. ती पोरगी म्हनली, काकू, तुमचं कमी हाय, तुमी जावा, शिरा वाढा. मी जाऊन शिरा वाढला. तुमी थितंच हुता, हार घालून."

मला तर हे अजिबात आठवत नाही. शिबिरात किती माणसं असतात. आणि शिरा तिनं छानच केला असणार, सगळे नाव काढायचे.

मी म्हणालो, "ते आत्ता कशाला?"

"कशाला न्हाय," ती म्हणाली आणि पुन्हा लाटायला लागली. "मी मंगळवारी धाराशिवला जाणार. तुमी येनार असाल तर या."

अठ्ठावीस वर्षांत या आवाजात ती माझ्याशी बोललेली नाही. बाहेर लोक रंग खेळत होते. दिवसभर मी घरातच बसून राहिलो. ती गेली तर मी काय करणार, हे एकच डोक्यात फिरत होतं.

सोमवार, १७ मार्च

आज भरती. मी ठरवूनच गेलो होतो. संमतीच्या कागदावर सही मागितली तेव्हा हात मागं घेतला. डॉ. तरन्नुम बाई समोर होत्या, ती सिस्टरही होती.

"खरं सांगा," मी म्हणालो, "तिला रक्त लागत नाही म्हणजे ती वाचत नाही, असंच ना? मी ऐकलंय. या सिस्टरांनी फोनवर सांगितलं. मला फसवू नका, मी तिच्याशिवाय..." डोळ्यांत पाणी आलं, सगळ्यांदेखत.

सिस्टर घाबरलीच. "अहो काका, न्हाय लागायचं म्हंजी गरज न्हाय पडायची! मी ऑपरेशन थेटरला सांगत हुते, दोन पिशव्या मागवू नका, एकच राखून ठेवा म्हणून."

बाई मात्र हसल्या नाहीत. खुर्ची ओढून माझ्यासमोर बसल्या. "काका, पहिल्याच दिवशी मी तुम्हाला नीट सांगायला हवं होतं. मावशींना कसलाही मोठा आजार नाही. गाठी साध्या आहेत. सहा-सात वर्षं दर महिन्याला त्यांचं खूप रक्त जात होतं, त्यांनी कुणाला सांगितलं नाही. त्या दिवशी मला सांगितलं. म्हणून तुम्हाला बाहेर बसवलं. उद्या चिरा देण्याआधी कमी रक्त जावं म्हणून एक औषध देऊ, हात जपून चालवू. बी निगेटिव्हची एक पिशवी रक्तपेढीत त्यांच्या नावानं राखली आहे. गरज पडली तर देईन. पडू नये म्हणून तर हे सहा आठवडे."

बोलणं सरळ वाटत होतं. पण एकाच शब्दाचे दोन अर्थ निघतात, त्यातला सोयीचा कुणीही काढून दाखवेल. मी म्हणालो, "मला रात्रभर विचार करू द्या. सही उद्या."

तेव्हा इरम्मा कॉटवरून उठली. चष्मा लावला. बाईंना म्हणाली, "ह्यांचीच लागती का सही? माजी न्हाय चालत?"

"तुमचीच लागते मावशी. त्यांची नसली तरी चालेल."

हे मला इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. इरम्मानं पेन घेतलं, कागद टेबलावर सरळ केला आणि सावकाश, एक एक अक्षर जोडत, पूर्ण नाव लिहिलं. माझ्याकडे एकदाही बघितलं नाही.

मंगळवार, १८ मार्च

सही नाही तर नाही, मी माझं काम सोडलं नाही. महेबूबची जीप भरून ग्रुपचे आठ जण सकाळीच दवाखान्याच्या आवारात आणून बसवले. महेबूबचा रोजा होता. तो म्हणाला, "लागलंच तर रोजा सोडतो आप्पा. अल्ला समजून घेईल."

नऊला तिला आत नेलं. जाताना दोन्ही हात जोडून सगळ्यांना नमस्कार केला. ग्रुपमधल्या माणसांना, मलाही, एकाच नमस्कारात.

दोन तासांनी बाई बाहेर आल्या. "सगळं छान झालं. रक्त अगदी थोडं गेलं, एक वाटीभर."

"कुठल्या मापाची वाटी?" मी विचारलं. भांड्यांच्या दुकानात नऊ मापांच्या वाट्या असतात.

"वरणाची," म्हणाल्या. "लहान."

माझा जीव भांड्यात पडला. बाईंच्या पाया पडावंसं वाटलं, पण त्या माझ्या मुलीच्या वयाच्या.

तरी लोकांना मी संध्याकाळपर्यंत जाऊ दिलं नाही. आतून रक्तस्राव उशिरा सुरू होतो, हे मी पाहिलं आहे. कुणी पत्ते खेळलं, कुणी झोपलं. दिवस मावळल्यावर महेबूबनं फाटकापाशी रोजा सोडला, एक खजूर माझ्या हातावर ठेवला. तेव्हा लक्षात आलं की सकाळपासून मीही काही खाल्लं नव्हतं. मग तो म्हणाला, "आप्पा, आता सोडा आमाला. वहिनीला न्हाय लागत आमचं काय."

जीप निघून गेली. आठही माणसं जशी आली तशीच, एक थेंब न देता परत गेली. असं माझ्याबाबतीत आजवर झालं नव्हतं. आनंद झाला होता हे खरं. पण हात रिकामे वाटत होते, तेही खरं.

गुरुवार, २० मार्च

इरम्मा आज चार पावलं चालली. रक्त साडेदहा. मी तेवढ्यापुरता विश्वास ठेवला आहे.

दुपारी लोहाऱ्याहून शेजारच्या बायका भेटायला आल्या. मी कोपऱ्यात फळं कापत होतो. एकीनं सवयीनं विचारलं, "किती बाटल्या लागल्या वो, इरम्मा? कल्याणप्पांनी तर रांगच लावली आसंल!"

इरम्मा उशीला टेकून बसली होती. गालांवर थोडा रंग आला होता. तो मी आजच पाहिला, की आजच आला, सांगता येत नाही. ती म्हणाली, "एक बी न्हाय. माजं मलाच पुरलं."

बायका हसल्या. ती हसली नाही. उगाच बोलल्यासारखं बोलली आणि पदर नीट करायला लागली. टोमणा होता का? माझ्या माणसांना बोलली, की मला? घरी परतेपर्यंत मी हे शंभरदा मनात फिरवून पाहिलं, वाजवून पाहिलं, पण त्यातून काही निघालं नाही. बोलणं सरळच होतं. तरी ते मला लागलं आहे आणि का ते समजत नाही.

तिथं बायका हसत होत्या तेव्हाच मी फोन आल्यासारखं करून दवाखान्याच्या व्हरांड्यात आलो होतो. बराच वेळ फोन कानाला लावून उभा होतो. पलीकडे कुणी नव्हतं.